बंद गाडी बोलत नाही

सावद्याच्या बसस्टँडमागे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं एक खोपटं होतं. तेच लोटन मिस्तरीचं गॅरेज. बोर्ड नव्हता, लागतही नव्हता. केळीचे ट्रक, डॉक्टरांची फियाट, मळ्यांतली ऑइल इंजिनं, सगळी आजारी मंडळी तिथंच यायची. मिस्तरी हातातलं काम ठेवून उठायचा, स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचा आणि लाकडी मूठ दातांत धरून डोळे मिटायचा. भोवती चार माणसं श्वास रोखून उभी असायची. मग मूठ तोंडातून काढून तो सांगायचा, "तिसरा वॉल्व जळेल शे." इंजिन खोललं की तिसराच वॉल्व जळालेला निघायचा.

पूर्वी ती मूठ तो कानाला लावायचा. दातांत कधीपासून धरायला लागला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट लोकांना ती नवी करामत वाटली. फैजपूरचा एक मिस्तरी त्याची नक्कल करायला गेला आणि तोंडात ग्रीस गेल्यामुळे दिवसभर थुंकत बसला. लोकांचं हे असं असतं. करामत दिसली की माना डोलवतील, पण कारण विचारायचा कंटाळा.

कारण अगदी साधं होतं. लोटनला ऐकू येत नव्हतं.

धुळ्याकडच्या एका कोरड्या गावातून तो सोळाव्या वर्षी सावद्याला आला आणि उखर्डू पाटलांच्या केळीच्या मळ्यात विहिरीवरच्या इंजिनावर राहिला. वीस वर्षं राहिला. इंजिनाच्या खोलीतच जेवायचा, तिथंच पथारी टाकायचा. त्या धडधडीनं कान हळूहळू खाल्ले. आवाज एकदम गेले नाहीत, ते लांब लांब गेले. तापीच्या पलीकडच्या काठावरून कुणी बोलावावं तसे. मग एक दिवस पलीकडच्या काठावरूनही कुणी बोलावेना. पण पेचकसाची मूठ दातांत धरली की हाडांमधून इंजिन आत शिरायचं. सगळं जग गप्प, आणि आपल्या डोक्यात मात्र कुणीतरी बोलतंय. लोकांना वाटायचं मिस्तरी डोळे मिटून दोष शोधतोय. दोष त्याला पहिल्या दोन क्षणांत कळायचा. पुढचा सगळा वेळ तो नुसता ऐकत राहायचा.

हे ठाऊक होतं एकट्या झुंबरबाईला, त्याच्या बायकोला. "सांगी टाका ना लोकेसले," ती समोर येऊन, तोंड मोठं उघडून म्हणायची.

"बहिऱ्या मिस्तरीकडे गाडी कोन आनी?" तो म्हणायचा.

मग तो लोकांचे ओठ वाचायला शिकला. मिशाळ माणसांवर त्याचा राग होता. तोंडात पान धरून बोलणाऱ्यांवर तर फारच, कारण त्यांची अर्धी अक्षरं पानातच राहायची. जे कळायचं नाही त्याला तो सरळ मान हलवायचा. मान हलवणारा माणूस सगळ्यांना शहाणा वाटतो, त्यामुळे चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. धास्ती एकाच गोष्टीची होती. चालू गाडी त्याच्याशी बोलायची. जी सुरूच होत नाही, ती बंद गाडी मात्र दातांनाही काही सांगायची नाही.

एकोणसत्तर सालच्या कार्तिकात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, नेमकी अशीच गाडी त्याच्या वाट्याला आली.

गाडी फुलचंदभाऊंची, फिक्या निळ्या रंगाची अँबॅसिडर. फुलचंदभाऊ केळीचे व्यापारी. त्यांचे वडील हस्तीमलशेठ यांनी त्या वर्षी चातुर्मासात वाहनात न बसण्याचा नेम धरला होता. बाप पायी चालणार आणि मुलगा गाडी उडवणार, हे काही शोभलं नसतं. म्हणून आषाढातच गाडी घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. आता नेम पुरा झाला होता. जळगावला चार महिने मुक्कामी असलेल्या साध्वीजी त्याच दुपारी चार वाजता पुढच्या गावी निघणार होत्या, आणि त्यांच्या तोंडून मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, ऐकायचा म्हणून ऐंशी वर्षांचे हस्तीमलशेठ पहाटेपासून तयार होऊन मागच्या ओट्यावर बसले होते. हातात माळ, अंगावर नवं धोतर, नजर गाडीवर.

लोटन आठ वाजता पोचला. फुलचंदभाऊ वॅगन भरायला स्टेशनवर गेले होते, दहापर्यंत येणार होते. लोटननं ताडपत्री काढली. केळीच्या सुकल्या पानांचा, जुन्या कातड्याचा, पावसात बंद राहिलेल्या जागेचा वास आला. चार महिन्यांची झोप गाडीच्या काचांवर साचली होती. त्याला वाटलं, हिला उठवू नये. ताडपत्री परत घालावी आणि आपणही मागच्या सीटवर आडवं व्हावं.

बॅटरी बसली होती, ते अपेक्षितच होतं. आणलेली बॅटरी त्यानं जोडली. मग इंजिन फिरलं, एकदा खोकलं, आणि गप्प झालं. बॉनेटवर ठेवलेल्या हाताला ते खोकणं कळलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा खोकणं, पुन्हा गप्प.

तेवढ्यात घराच्या मागल्या दारात हिरवी ओढणी दिसली. फुलचंदभाऊंच्या घरातल्या, गुलाबबाई. हनुवटीखाली उतरलेला घुंगट. सासरे ओट्यावर असताना या घरातली सून मोठ्यानं बोलत नसे, आणि परक्या पुरुषापुढे पदर वर करणं तर दूरच. ओढणीचं कापड ओठांपाशी हललं. काहीतरी बोलत होत्या. मिशा वाचता येतात थोड्याफार, पण कापड कसं वाचणार? चहाचं विचारत असतील असं समजून लोटननं अदबीनं मान हलवली. ओढणी आत गेली. चहा काही आला नाही.

त्यानं पेट्रोल पाहिलं, पंप पाहिला. प्लग काढून ठिणगी पाहिली; निळी, सणसणीत. पॉइंट घासले. कार्बोरेटर उतरवून फडक्यावर मांडला, फुंकला, परत बसवला. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथं होती. अंगात काही आजार नाही आणि माणूस उठत नाही, तशी गत. पुन्हा दारात ओढणी आली, कापड हललं, या वेळी जरा घाईनं. लोटननं कपाळाचा घाम पुसला, हसून मान हलवली. ओढणी क्षणभर थांबली आणि निघून गेली.

दहाला फुलचंदभाऊ आले. तोंडात पान. ते काय बोलले ते अर्धंच कळलं, पण चेहरा सगळा कळला. स्वतः धोतर खोचून त्यांनी पुढचं हँडल मारलं. वीसदा मारलं. गाडी खोकली, थांबली. ओट्यावर माळेचा मणी थांबला.

साडेअकराला त्यांनी पान थुंकलं, तेव्हा शब्द स्वच्छ दिसले. "मिस्तरी, राग मानू नका. मी जळगावला ट्रंक कॉल लावतो. तिथला माणूस येईल, नाहीतर भुसावळहून टॅक्सी मागवतो. बाबांचं चुकायला नको."

लोटनच्या तोंडचं पाणी पळालं. टॅक्सी आली तर ठीक. पण जळगावचा माणूस आला, त्यानं दहा मिनिटांत गाडी सुरू केली, आणि चहा पिताना सहज विचारलं, 'तुमच्या मिस्तरीला हे कसं ऐकू आलं नाही?' एवढं एक वाक्य पुरे होतं. लिंबाखालचं खोपटं डोळ्यांसमोरून नाहीसं झालं.

"भाऊ, अर्धा तास द्या," तो म्हणाला.

आणि काय करावं ते न सुचून तो गाडीच्या मागे जाऊन जमिनीवर बसला, डिकीला पाठ लावून. समोर परसातली केळ होती. तिचं एक पान वाऱ्यानं हलत होतं, आवाज न करता. त्याच्यासाठी सगळीच पानं आता अशी हलत. बघता बघता तो पाटलांच्या मळ्यात गेला. थंडीची सकाळ. पाटात वाफाळतं पाणी, केळीच्या रांगांमध्ये अडकलेलं धुकं, आणि विहिरीवरचं इंजिन. सोळा वर्षांचा लोटन गोठलेले हात इंजिनाच्या धुराच्या नळकांड्यापुढे धरून उभा आहे. तळव्यावर भक्, भक्, भक् असा ऊन श्वास येतोय. म्हशीच्या नाकपुडीपुढे हात धरल्यासारखा. इंजिनाची भाषा त्याला आधी तिथं कळली होती. कानाला नव्हे, तळव्याला.

तो ताडकन उठला.

"भाऊ, एकडाव हँडल मारा!"

फुलचंदभाऊंनी वैतागून हँडल मारलं. लोटननं मागं सायलेन्सरच्या तोंडापुढे तळवा धरला. काहीच आलं नाही. गाडी खोकली ते डिकीच्या पत्र्यातून कळलं, पण तळव्यावर फुंकरसुद्धा नाही. गाडी श्वास आत घेत होती आणि तिला तो सोडताच येत नव्हता. पहिला श्वास बाहेर पडेना, तर दुसरा आत जाणार कुठून?

त्यानं नळीत बोट घातलं. मऊ लागलं. पेचकसानं ओढून काढलं, तर कापडाचा बोळा. चिंधी कोंबलेली नव्हती. धुतलेलं, चौघडी केलेलं, दोऱ्यानं नीट आवळलेलं हिरवं कापड. चार महिने पावसापाण्यात एखादी मुंगी, एखादी पाकोळी आत शिरेल, आणि कार्तिकात गाडी सुरू झाली की जळून मरेल, म्हणून ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात त्या घरच्या कुणीतरी किती जपून केलेलं काम ते.

लोटननं दाराकडे पाहिलं. तेच हिरवं कापड तिथं उभं होतं.

आणि मग त्याला ते दोनदा हललेलं कापड आठवलं. आठ वाजता त्या हेच सांगत होत्या. नंतर विचारत होत्या, काढला का? दोन्ही वेळा यानं हसून मान हलवली होती. आता फुलचंदभाऊंनी विचारलं, की बाई म्हणणार, मी तर सकाळीच सांगितलं होतं. चुलीपाशी बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारात जाते. बोळा तुमच्याच घरातून आलाय, असं आधी आपणच ओरडावं, एवढंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण चौघडीचे ते कोपरे इतके नेटके होते, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं बोळा खिशात घातला.

पुढच्या हँडलला गाडी उठली. काळा धूर, मग करडा, मग काहीच नाही. लोटननं पेचकसाची मूठ दातांत धरली. चारही सिलिंडर एका लयीत बोलत होते. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं मिटून घेतले, नेहमीसारखे.

"काय झालं होतं?" फुलचंदभाऊंनी समोर येऊन विचारलं.

"श्वास कोंडेल व्हता, भाऊ. आते बठ्ठं बरोबर शे."

हस्तीमलशेठना पुढे बसवलं. फुलचंदभाऊ स्टिअरिंगपाशी बसले. शेवटी गुलाबबाई फराळाचा डबा घेऊन आल्या आणि मागच्या दारापाशी, लोटनच्या समोर थांबल्या. पुढचे दोघं रस्त्याकडे तोंड करून होते. गुलाबबाईंनी दोन बोटांनी घुंगट धरला आणि उचलला. नाकाच्या शेंड्यापर्यंत, तेवढाच. पन्नाशीकडे झुकलेले, कोरडे ओठ. ते सावकाश हलले, एकेक अक्षर सुटं करून.

"ऐकू येत नाही ना?"

चार वर्षांत लोटननं शेकडो वेळा मान हलवली होती. त्या दिवशी मात्र हलवता येईना. "नही, भाभी," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघाला हेही त्याला कळलं नाही.

घुंगट खाली आला. त्या आत बसल्या. गाडी गेली, आणि मिस्तरी धुळीत उभा राहिला.

आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. गॅरेजपुढून जाणाऱ्या प्रत्येकाचे ओठ तो डोळ्यांत तेल घालून पाहायचा. कुणी केळीच्या भावाचं बोलायचं, कुणी पोरीच्या लग्नाचं. त्याच्याबद्दल एक अक्षर कुणाच्या ओठांवर आलं नाही. महिना गेला. हिवाळा गेला. गाड्या येत राहिल्या.

आषाढात फुलचंदभाऊंचा निरोप आला. बाबांनी यंदाही नेम धरलाय, गाडी झाकून जा. लोटन गेला. बॅटरी काढली, ताडपत्री उलगडली, आणि मागच्या बाजूला येऊन थांबला.

सायलेन्सरच्या तोंडाला हिरव्या कापडाची शिवलेली टोपी बसवली होती. माप घेऊन शिवलेली, काठाला दुहेरी टाका. आणि तिच्यातून एक लालभडक नाडी लोंबत होती, चांगली दीड हात लांब, पार जमिनीला टेकणारी. मुंग्यांसाठी टोपी पुरे होती. नाडीचं त्यांना काही काम नव्हतं.

लोटननं खाली बसून ती नाडी बोटांत धरली. मग त्यानं वर पाहिलं. दारात ओढणी उभी होती. या वेळी कापड हललं नाही. मिस्तरीनं मान हलवली, आणि या वेळी समजून हलवली.