पॅट्रिसची इस्त्री

पॅट्रिस कोपऱ्यावर दूध आणायलाही कडक इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून जायचा. खिशात पासपोर्ट. जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीत लोक लुंगीवर बँकेत जातात, त्यामुळे मला तो प्रथम विमा एजंट वाटला. तो काँगोचा. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि माझ्या वरच्या खोलीत राहायचा.

आमची घरमालकीण शांताक्का, बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातली. एवढा नटून कुठे चाललास, असं तिने एकदा विचारलं.

"पोलिसांकडे, अक्का. अजून बोलावलं नाही, पण तयार असलेलं बरं."

लोक हॉटेलांची तुलना करतात, तशी तो पोलिसांची करायचा. फ्रान्समध्ये भिंतीकडे तोंड करून उभं करतात, पण सर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत अडवणारा शिपाई त्याच्याइतकाच काळा होता. त्याने बोलण्यावरून परका ओळखला. इथे आधी चहा देतात, मग माल कुठे आहे विचारतात. पहिला नंबर कोणाचा, हे मात्र त्याचं ठरत नव्हतं.

मार्चमध्ये मागच्या रस्त्यावर एका बाईंची सोनसाखळी गेली. चोर आफ्रिकन होता, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांनी पॅट्रिसला नेलं आणि बाईंनी त्याला लगेच ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा पेपर होता.

शांताक्का मला घेऊन ठाण्यात गेली. चोरीच्या वेळी तो तिच्या स्वयंपाकघरात मिक्सर दुरुस्त करत होता. इन्स्पेक्टरांनी आम्हाला 'आम्ही आपले मित्र' या पाटीखाली बसवलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, तुमच्या घरी हाच होता कशावरून? ही माणसं आपल्याला सारखीच दिसतात."

"मग त्या बाईंना कसा ओळखू आला?"

"त्या फिर्यादी आहेत."

पुढच्या आठवड्यात साखळी भलत्याच माणसाकडे सापडली. पॅट्रिसला पुन्हा चहा पाजून सोडलं. पेपर बुडाला होता. कॉलेज म्हणालं, पुढच्या वर्षी बसा. व्हिसावाले म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत इथे राहता येणार नाही.

निघताना तो चुरगळलेल्या टी-शर्टात होता. शांताक्का त्याची इस्त्री घेऊन टॅक्सीपर्यंत धावत आली.

"अरे, ही राहिली. तिकडे लागेल."

"ठेवा तुम्हीच, अक्का," तो म्हणाला. "तीन देशांत वापरून पाहिली."