वेतवालीचं मत

गल्लीत सगळे तिला वेतवाली म्हणायचे. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण मोडक्या खुर्चीच्या चौकटीत भिजवलेला वेत ताणून जाळी विणायला बसली की तिचा एक पेड इकडचा तिकडे व्हायचा नाही. हे काम आणि बोटांनी ठिपके वाचणं तिला मास्तरांनी शिकवलं होतं, अंधांच्या कार्यशाळेत. पुढे सरकारला खर्च जड झाला आणि कार्यशाळेला कुलूप लागलं. सरकारला कोणता खर्च कधी जड होईल, काही सांगता येत नाही.

मत द्यायची तिला भारी हौस. तिच्या आईच्या काळी बायकांना मतच नव्हतं. वडील मत द्यायला आत जायचे आणि आई त्यांची छत्री धरून दाराबाहेर उभी राहायची. बायकांना हक्क मिळाला तेव्हा तो बघायला आई उरली नव्हती. वेतवाली मत द्यायच्या वयाची झाली, तर आंधळ्यांना मत नाही. कारण काय, तर त्यांचं मत गुप्त राहणार नाही! गुप्ततेची एवढी काळजी वाहणाऱ्यांना दुसरी वाट काही सुचली नाही. केस पिकायला लागले तेव्हा कुठे कायदा बदलला. घरचं माणूस सोबत न्यायचं आणि शिक्का त्यानं मारायचा.

घरचं माणूस म्हणजे दादा. थोरला भाऊ, तिच्यापायी लग्नसुद्धा न केलेला. पडद्याआड ती त्याच्या कानात नाव सांगायची, शिक्क्याचा ठप्प आवाज ऐकायची, आणि घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नसायचे.

मग एका निवडणुकीला खुद्द मास्तर उभे राहिले. कार्यशाळा पुन्हा उघडा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मास्तर पडले, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. निकालानंतर शेजारचा शिंपी आपली खुर्ची न्यायला आला.

"तुझ्या मास्तरांना आपल्या केंद्रावर भोपळा मिळाला की गं," तो हसत म्हणाला. "एकसुद्धा मत नाही."

वेत हातातच राहिला. शिंपी गेल्यावर तिनं दादाला विचारलं. तो चहा पीत होता.

"पडणाऱ्याला देऊन काय उपयोग होता?" तो म्हणाला. "तुझं मत वाया गेलं असतं."

"आणि आधीची?"

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

तिला संताप आला, रडू आलं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती. ज्यानं जन्मभर हात धरून नेलं, त्याच्या नावानं ओरडायचं तरी कसं? त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं.

पुढच्या निवडणुकीला केंद्रावर उठावाच्या ठिपक्यांची पाटी आली. आता आंधळ्यानं बोटांनी नावं वाचायची आणि शिक्का आपला आपण मारायचा. वेतवाली पडद्याआड एकटी गेली. मास्तर मात्र त्याआधीच्या हिवाळ्यात वारले होते. त्यांचं नाव नसणार हे ठाऊक असूनही तिनं पाटी वरपासून खालपर्यंत चाचपली, पुन्हा एकदा चाचपली. मग जे नाव बोटाखाली होतं, त्याच्यासमोर शिक्का मारला. आवाज तसाच आला, ठप्प.

बाहेर दादा उभा होता.

"दिलंस?" त्यानं विचारलं. कुणाला, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

"दिलं."

समोरचा रस्ता गाड्यांनी गजबजला होता. दोघं काठावर थांबली. दादानं हात पुढे केला नाही. बराच वेळ गेला, आणि मग तिनंच चाचपडत त्याचा हात शोधला, कारण पलीकडे जायला दुसरा हात नव्हता.