मिटलेला चरा

“पाण्याने रेकॉर्डला काही होत नाही, जे होतं ते पाणी बघून धावत सुटणाऱ्या माणसांमुळे होतं,” असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. त्यांची बायको तेव्हा दारात चहा घेऊन उभी होती. तिने ऐकलं, पण असली वाक्यं दुसऱ्यांच्या घरासाठी असतात असं तिला वाटलं.

डॉक्टर हे नाव तिच्या धाकट्या भावाने चिकटवलेलं. खरं तर उभी हयात त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. निवृत्त झाल्यावर घासायला काही उरेना, तेव्हा ते लोकांच्या भिजलेल्या, बुरशी धरलेल्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डकडे वळले. मधल्या कागदी चकतीवर डब्याचं झाकण दाबून ठेवायचं, म्हणजे ती भिजत नाही. डिस्टिल्ड पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि हात फिरायचा तो खाचांच्या अंगाने, गोल. मग भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळवायची, कुजलेल्या कव्हराच्या जागी नवं पाकीट घालायचं. हे सगळं चालायचं त्या मागच्या खोलीत बायकोला मज्जाव होता. चाळीस वर्षं संसार तिच्या हाती निर्धास्त सोपवणाऱ्या माणसाला तिच्या हाताचा ओलावा तेवढा खपत नसे.

तर एके दिवशी डॉक्टर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी आणायला गेले आणि इकडे वरच्या मजल्यावरचा नळ उघडा राहून साधं पाणी आपल्या पायांनी घरात आलं. भिंतीवरून उतरून ते बाहेरच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर साचलं. बायकोच्या तोंडचं मात्र पळालं. त्या फळीवर डॉक्टरांच्या वडिलांनी घेतलेली रेकॉर्ड होती. तिच्या दुसऱ्या कडव्यात एक चरा होता. सुई तिथे अडकायची, तीच ओळ घोकत बसायची, आणि रोज सकाळी डॉक्टर पेपरातून मान वर न करता बोटाने ती पुढे ढकलायचे. बाकीच्या रेकॉर्ड तिने पुसून भिंतीला टेकवल्या. ही सगळ्यांत लाडकी, म्हणून हिला तेवढं गच्चीवर कडक उन्हात ठेवलं. तासाभरात वाकून तिची छान पसरट वाटी झाली.

“वा ताई!” भाऊ म्हणाला. “मधे भोक नसतं तर पाखरांना पाणी तरी ठेवता आलं असतं.”

“दात काय काढतोस? दुसरी मिळते का बघ.”

मिळाली. जुन्या बाजारात तसलीच एक होती. वाळलेल्या जुन्या कव्हरात ती गुपचूप शिरली आणि वाटी गेली साड्यांच्या तळाशी.

“ही मीच धुतली,” तिने नवऱ्याला सांगितलं. “तुमच्याच पद्धतीने.”

डॉक्टरांनी नाक मुरडलं, रेकॉर्ड लावली. दुसरं कडवं आलं, बोट सवयीने वर गेलं. सुई मात्र सरळ पुढे निघून गेली. बोट तसंच अधांतरी.

“चरा गेला! अगं, चरा गेला! पद्धत कुणाची?”

“तुमचीच,” ती म्हणाली. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं.

पण माणसाला शोध लागला की तो घरात मावत नाही. भिजून खाच फुगते आणि चरा मिटतो, असा सिद्धांत डॉक्टरांनी आठवडाभरात मांडला. कोमट पाण्यात भिजवायचं आणि फुगलेली खाच दात कोरायच्या काडीने दाबून बसवायची, ही त्यातली सुधारणा. पहिल्या दोन रेकॉर्ड साफ वाया गेल्या. दोष रेकॉर्डचा निघाला. आणि रोज सकाळी, दुसऱ्या कडव्याला, ते बोट वर जाऊन रिकामं खाली येत राहिलं. तिला ते बघवेना.

“झाकली मूठ आहे, ताई,” भाऊ बजावायचा. “उघडू नकोस. दाजी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर खूश आहेत.”

मग एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. पाकिटातून त्यांनी एक रेकॉर्ड काढली. “हिच्यात माझे यजमान गायलेत. खासगीत काढल्या होत्या चार-पाच, त्यातली ही शेवटची. बेसूर गायचे हो, अगदी बेसूर. पण आता तेवढेच उरलेत. चऱ्यापुढची ओळ ऐकायचीय, डॉक्टर.”

“ठेवून जा,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या रेकॉर्डवरही असाच चरा होता. आता शोधूनही दिसायचा नाही.”

त्या गेल्या. टबात कोमट पाणी आलं, शेजारी काडी आली. बायको दारात उभी होती. या बाईंच्या नवऱ्याला कुठल्याच बाजारात जोड मिळणार नव्हती. तिने चहा खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडला.

“थांबा. तुमचा चरा मिटला नाही. तुमची रेकॉर्डच गेली. ही दुसरी आहे, माझ्या भावाने आणलेली.”

डॉक्टरांनी काडी खाली ठेवली. “माझी कुठंय?”

तिने साड्यांखालून वाटी आणून दिली. ते खिडकीपाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे मिटून, त्यांनी बोट वळलेल्या कडेवरून आत नेलं, सावकाश. एका जागी ते थांबलं. चरा होता तिथेच होता.

“ओरडा तरी,” ती म्हणाली. “अहो, काहीतरी बोला.”

त्यांनी वाटी तिच्या हातात परत दिली, हात कोरडे पुसले, मुख्याध्यापिकाबाईंची न भिजलेली रेकॉर्ड नव्या पाकिटात घातली, काखेत धरली आणि ती परत द्यायला बाहेर पडले.