नऊ इंचांची नाळ

आमच्या कॉम्प्लेक्सला आरमार हवं होतं, पण स्टेजच्या मापात बसणारं.

यंदा शिवजयंतीला मराठी आरमाराचा देखावा करायचं ठरलं आणि मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं. माझे वडील वसईच्या पाचूबंदरचे, जन्मभर होड्या बांधणारे सुतार, ते गुराब करून देतील म्हटलं. गुराब म्हणजे मराठ्यांची दोन डोलकाठ्यांची लढाऊ नाव. सगळ्यांनी माना डोलावल्या. फायबरच्या होड्या आल्यापासून बाबांच्या हाताला काम नाही. त्यांच्या हातचं काहीतरी माझ्या शेजाऱ्यांनी बघावं, एवढीच माझी हाव.

मी त्यांना एका जुन्या चित्राची झेरॉक्स नेऊन दिली. त्यांनी ती दूर धरून पाहिली आणि विचारलं, "तोफा कंच्या अंगाला हायेत?"

मोठ्या दोन तोफा पुढच्या बाजूला, नावेच्या टोकावरून गोळा टाकणाऱ्या. त्या टोकाला आमच्याकडे नाळ म्हणतात. तोफांची जागा ऐकून बाबा हसले. "मंग नाल खाली पायजे, नि लांब. नायतर आपलाच गोला आपल्या नाकाला."

दीड महिन्यातला निम्मा वेळ त्यांनी त्या नाळेला दिला. उजवा हात आता थरथरतो, म्हणून डाव्या हाताने पटाशी चालवायला शिकले.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर गुराब स्टेजवर होती आणि तिला नाळ नव्हती. डेकोरेशनवाल्याने कटरने सरळ कापून त्या जागी थर्माकोलचं सोनेरी सिंहाचं तोंड चिकटवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, फक्त नऊ इंच," सेक्रेटरी म्हणाले. "बॅनर झाकला जात होता. आणि हा लूक कसा रॉयल वाटतो!"

"अहो, ती नाळ होती."

"नाळ?" ते हसले. "ती तर बाळाची असते ना?"

वसईत फ्लॅट घ्यायचे, गाडीच्या काचेवर राजमुद्रा चिकटवायची, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या, आणि नावेला नाळ असते याचा पत्ता नाही! मी पार्किंगमध्ये उभी राहून ओरडले. कापलेला तुकडा कुठे आहे विचारलं, तर कचऱ्याच्या गाडीत गेला म्हणे. वर मलाच सांगतात, कार्यक्रमाच्या तोंडावर वाद नको. चोर तो चोर, वर शिरजोर. घरी नवराही तेच म्हणाला, आपल्याला इथेच राहायचंय. त्याच्यावरही मी ओरडले.

येऊ नका, असा बाबांना फोन करावासा वाटला. पण आईने त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होता, आणि ते स्वतःबरोबर दोन म्हातारे तांडेलही आणणार होते, जन्मभर समुद्रात होड्या नेणारे, ज्यांच्या होड्या बाबांनीच बांधल्या. मग मी ठरवलं, उद्या बाबांना शाल दिली की माइक घ्यायचा आणि सगळ्यांसमोर या लोकांचे वाभाडे काढायचे.

दुसऱ्या दिवशी तिघे आले. बाबा थेट गुराबेजवळ गेले. सिंहाच्या मागे हात घालून त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"नाल कुठं रं?" एका तांडेलाने विचारलं.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे रडून सुजले होते.

शाल झाली, नारळ झाला. मी स्टेजची पायरी चढत होते, तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक बाबांपुढेच धरला. दोन शब्द बोला म्हणाले.

"जहाज कराला सांगला, केला," बाबा म्हणाले. "नाल तेवरी ऱ्हायली. मना लाकूड कमी परला. माफी असावी. माझी पोर तुमच्यातच ऱ्हाते, तिला कोन बोलू नका."

एकही होडी अर्धी न सोडलेला माणूस, आपल्याच दोन तांडेलांसमोर, माझ्यासाठी खोटं बोलत होता. आता मी खरं सांगितलं असतं, तर खोटे ते ठरले असते. दोघे तांडेल खाली बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, "किती मोठं मन!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

बाबा माझ्याकडेच बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.