वाकडं अक्षर

एक्स-रेवाल्या बाईंची इस्पितळातल्या त्या कोंदट खोलीत बावीस वर्षं गेली होती. थोडक्या गुणांनी डॉक्टरकी हुकली, बाई मशीनमागे आल्या आणि तिथेच अडकल्या. कालपरवा आलेल्या पोरसवदा डॉक्टरांनी ‘फोटो परत काढा’ म्हणायचं आणि यांनी मुकाट काढायचा. जीव अगदी विटला होता. लेक मात्र फोटो काढणाऱ्यांत नाही, काढायला सांगणाऱ्यांतच जाणार, एवढा एकच ध्यास उरला होता.

मग काय, पोरीच्या हात धुऊन मागे लागल्या. पहाटे पाचला उठवायचं, ब्याण्णव मिळाले की आठ कुठे सांडले ते विचारायचं. मैत्रिणी बंद, खेळ बंद. ड्यूटीवरून आलं की सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायचे आणि वह्या तपासायला घ्यायच्या. डोळे मिटायचे, पण एक पान सोडतील तर शपथ.

गेले तीन आठवडे पोरीचं अक्षर बिघडलं होतं. जिन्यावरून पडले, हात दुखतोय, असं ती दोनदा म्हणाली. परीक्षा आली की हिचं काहीतरी दुखतंच, असं म्हणून बाईंनी तीस पानं पुन्हा लिहून घेतली. त्यानंतर ती हाताबद्दल काही बोलली नाही.

एके दुपारी रांगेतला पुढचा कागद घेतला, तर त्यावर लेकीचंच नाव. कॉलेज बुडवून, परस्पर डॉक्टरांना दाखवून आली होती. बाईंनी तिचा हात प्लेटवर ठेवला. पडद्यावर फोटो आला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातल्या हाडात, बारीक रेघ. असले हात बाईंनी हजारो पाहिले होते. डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. हाड मोडलं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

या हाताकडून तीस पानं लिहून घेतली आपण! बाईंना भडभडून आलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

आईचा चेहरा पाहून लेक धास्तावली.

“रागावू नकोस ना,” ती घाईघाईनं म्हणाली. “डाव्या हातानं लिहायला शिकतेय मी. रोज पाच पानं होतात.”

बाहेर रांग खोळंबली होती. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांना उठवेचना.