यमुनाची गाठ

माझी बायको यमुना गजरा करताना हाताकडं बघायची नाही. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात, मोगरा पदरात आणि नजर रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा मारायची, इकडं गजरा वाढत जायचा. मी मळ्यातून फुलं आणून टाकायचो अन् चहा मागायचो.

आमची लेक मंदा द्वारका चौकाजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवते. यमुना तिला डबा द्यायला जायची, ती तिथंच रमली. हलती चित्रं शिकायला लागली. मंदानं मला समजावलं, "अण्णा, पहिलं चित्र आपण काढायचं, शेवटचं आपण काढायचं. मधली सगळी कॉम्प्युटर भरतो." मी म्हणालो, म्हातारपणी ही कसली थेरं! यमुना म्हणाली, "अहो, तुम्ही नका शिकू. तुम्हाला अजून चहा येत नाय."

तिनं गजरा करणारे स्वतःचे हात काढायला घेतले. पहिल्या चित्रात रिकामा दोरा, शेवटच्यात पुरा गजरा. मंदानं बटण दाबलं. फुलं आपोआप सरकत दोऱ्यावर जाऊन बसली. यमुना भडकली. "याच्या बापानं केला होता का गजरा? गाठ कुठंय? गाठ नसली तर पहिल्या झटक्याला फुलं खाली. पूस ते. मधलं मी भरते, एकेक."

भरायच्या आधीच पोटाचं दुखणं निघालं. दोन महिन्यांत गेली. दोन चित्रं तेवढी राहिली.

दिवसपाणी झाल्यावर मंदा वही घेऊन बसली. "अण्णा, आई शिकवायला लागली की मी पळायचे. तुम्ही सांगा, मी काढते. दोरा कुठल्या बोटावरून जायचा?"

चाळीस वर्षं शेजारी बसलो. तिचं लग्नातलं तोंड आठवतं, दवाखान्यातलं आठवतं. हात आठवत नाहीत.

फूलबाजारात जाऊन बायकांना विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आमची गाठ दाखवीन. पण यमुनाबाईची काय तरी उलटीच होती. आम्ही हसायचो तिला."

आता रोज सकाळी अंगठ्यात दोरा अडकवून बसतो. दोन फुलं ठेवतो, फास टाकतो, ओढतो. फुलं खाली पडतात. उचलून परत ठेवतो. मंदाला सांगून ठेवलंय, मी मरेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाय.