दंडावरचा डाग

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी कुष्ठरोगावरचं भाषण माझ्याकडंच असायचं. "शिवल्यानं होत नाही, औषधानं पूर्ण बरा होतो," असं मी छाती फुगवून सांगायचो.

गेल्या वर्षी पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी तपासणीला आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. "घरात कुणाच्या अंगावर फिकट चट्टा हाय का?" त्यांनी विचारलं. त्यांना बसवून मी आधी दहा मिनिटं रोगाची लक्षणंच समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या, "सर, बाही वर करा बरं."

दंडावर रुपयाएवढा डाग होता. उन्हाचा असेल म्हणून मी वर्षभर त्याला खोबरेल चोळत होतो. ताईंनी डोळे मिटायला लावले. "पेन टेकलं की सांगा."

मी वाट बघत राहिलो. शेवटी म्हणालो, "करा की सुरू."

"तीनदा टेकवलं, सर."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. सहा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. घरी येताच मी माझं ताट-वाटी वेगळं काढलं आणि अंथरूण हॉलमध्ये नेलं. बायकोनं माझ्याच कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "पोरांना शिकवलं ते खोटं होतं व्हय?" तिनं विचारलं.

पुढच्या महिन्यात टोपी-मास्क घालून गोळ्या आणायला गेलो. बाकावर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतला एक कामगार बसला होता, बोटं जराशी वाकडी. मी आपोआप टोकाला सरकलो. तो हसला.

"सर, माझा कोर्स कवाच संपला. मी हाताचा व्यायाम विचारायला आलोय. तुमचा चालू हाय ना? मग लांब कुणी बसायचं?"

लई लाज वाटली. बाहेर त्याला चहा पाजला. खरं तर पैसे त्यानंच दिले, मला खिशात हात घालूच दिला नाही.

गोळ्या संपल्यावर मी शेजारच्या काकांना खरं सांगितलं. तोवर 'ॲलर्जी' म्हणत होतो. ते रोज आमच्याकडं पेपर वाचायला येत. दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचू लागले.

मला रागवायचं होतं, पण बाकावर टोकाला सरकलेला मी कुठल्या तोंडानं रागावणार? मी म्हणालो, "विचारा काय विचारायचं ते. या खेपेला भाषण देणार नाही."